किडनीची बैठक

भगवानरावांच्या पोटात बायकोची किडनी बसली त्याला दीड वर्ष होत आलं होतं, आणि एवढ्या काळात त्या किडनीविषयी घरात कुणी वावगा शब्द काढला नव्हता. ती बोलत नव्हती, मागत नव्हती, आल्यागेल्यासमोर येत नव्हती आणि अहोरात्र राबत होती; या घरात बाईकडून जे जे अपेक्षित असतं ते सगळं तिने बिनबोभाट पुरवलं होतं. शेगावात मंदिराच्या वाटेवर भगवानरावांचं लॉज आहे. तिथे उतरणाऱ्या भक्ताला खोलीची चावी देता देता ते सदऱ्याची खालची गुंडी सोडत, ओटीपोटाच्या उजव्या बाजूचा व्रण दाखवत आणि सांगत, "घरचीच हाये. भाईरून नाई आनली." घरच्या गव्हाविषयी, घरच्या तुरीच्या डाळीविषयी माणूस ज्या सुरात बोलतो, तोच तो सूर.

जिची ती किडनी होती, त्या कोकिळाबाई आतल्या स्वयंपाकघरातून हे ऐकत. त्यांच्या डाव्या कुशीतही एक व्रण होता, पण तो दाखवण्याची सोय नव्हती आणि पाहण्याची कुणाला गरज नव्हती. कधी कणीक मळताना, कधी दिवा लावताना, त्या रिकाम्या जागी हात जाई. तिथे काही दुखत नसे. नुसतं तिथून काही निघून गेलेलं असे. लांबच्या गावी दिलेल्या लेकीची खुशाली जाणाऱ्या-येणाऱ्याला विचारावी, तशा त्या रोज सकाळी नवरा लघवी करून मोरीतून बाहेर आला की विचारत, "बरोबर झाली ना?" भगवानरावांना वाटे, बायको आपली चौकशी करते. कोकिळाबाईंनी तो गैरसमज कधी दूर केला नाही.

गोष्ट बिघडली ती गेल्या दिवाळीनंतर. नागपूरच्या डॉक्टर रेवतीमॅडमनी आरंभीच बजावलं होतं की नवीन अवयव शरीराला ओळखू येत नाही. शरीराचे पहारेकरी त्याला चोर समजतात. त्या पहारेकऱ्यांना गुंगीत ठेवायची गोळी सकाळी एक आणि संध्याकाळी एक, जन्मभर. भगवानरावांनी एक वर्ष ही गोळी घेतली. मग त्यांनी विचार केला. विचार करणं हा त्यांचा स्वभाव नव्हता, त्यामुळे एकदा केलेला विचार ते सहसा मोडत नसत.

"हे गोळीचं काम परक्याच्या किडनीसाठी हाये," त्यांनी जाहीर केलं. "ही माह्या बायकोची. तीस वर्सं माह्या घरचं मीठ खाल्लं तिनं. ते काऊन माह्यावर उलटन?"

आणि संध्याकाळची गोळी बंद झाली. सकाळची त्यांनी डॉक्टरांच्या मानापुरती चालू ठेवली.

कोकिळाबाईंनी हात जोडून पाहिले, गोळी ताटाशेजारी ठेवून पाहिली. शेवटी एकदा आवाज चढवला, तेव्हा भगवानरावांनी त्यांच्याकडे अत्यंत दुखावल्या नजरेने पाहिलं.

"काऊन वं? तुले तुह्या किडनीचाच भरोसा नाई का?"

यावर काय बोलणार? गोळी घ्या म्हणावं तर आपल्याच निष्ठेविरुद्ध साक्ष दिल्यासारखं; घेऊ नका म्हणावं तर ती मुकी, लांबची लेक जीव सोडणार. कोकिळाबाई गप्प बसल्या. या घरात आल्यापासून त्यांनी पुष्कळ प्रश्नांची उत्तरं अशीच दिली होती.

उन्हाळा लागता लागता भगवानरावांच्या पायांवर सूज आली. रक्ताच्या तपासणीत क्रिएटिनीन वर गेलं. नागपूरला सुई घालून किडनीचे दोन धाग्यांएवढे तुकडे काढले, ते सूक्ष्मदर्शकाखाली गेले, आणि पुढच्या आठवड्यात अहवाल भगवानरावांच्या मोबाइलवर येऊन पडला. मॅडमची भेट सोमवारी होती. पण घरात सोमवारपर्यंत थांबण्याची रीत नव्हती, कारण घरात सुभद्राबाई होत्या.

सुभद्राबाई म्हणजे भगवानरावांची थोरली बहीण. वैधव्यानंतर त्या भावाकडे आल्या आणि गोतातल्या मोडत्या संसारांच्या न्यायाधीश झाल्या. कुणाची सून नांदत नाही, कुणाची उलटून बोलते, कुणाची सारखी माहेरी पळते, अशी तक्रार आली की सुभद्राबाई बैठक बसवत. बैठकीची रीत ठरलेली. सुनेच्या माहेरच्यांना बोलवायचं, त्यांना सतरंजीच्या खालच्या अंगाला बसवायचं, तक्रार वाचून दाखवायची, माहेरच्यांनी मान खाली घालून "आमी समज देतो" म्हणायचं आणि मगच त्यांना चहा द्यायचा. तक्रारीआधी चहा दिला तर बैठक बाद.

"किडनी कोनाची?" सुभद्राबाईंनी विचारलं.

"कोकिळाची," भगवानराव म्हणाले.

"मंग तिच्या माहेरच्यायले बलाव."

हे इतकं स्वाभाविक वाटलं की कुणी हसलं नाही. कोकिळाबाईंनाही क्षणभर वाटलं नाही की यात हसण्यासारखं काही आहे, आणि नंतर त्यांना सर्वांत जास्त भीती वाटली ती याचीच.

संग्रामपूरहून त्यांचा धाकटा भाऊ गजेंद्र आला. तो तिथल्या शाळेत मुख्याध्यापक. येताना डॉक्टरांनी मना केलेल्या संत्र्यांची करंडी घेऊन आला, लॉजच्या हॉलमध्ये चप्पल काढली आणि कुणी न सांगता सतरंजीच्या खालच्या अंगाला जाऊन बसला. बहीण दिल्यापासून त्याला ती जागा पाठ होती.

"गजेंद्रराव," भगवानराव तक्क्याला टेकून म्हणाले, "तुमच्या घरच्या चीजीनं आमाले असं करावं?"

"भाऊजी, आमाले त काईच मालूम नाई. दीड वर्स त बरी होती म्हंता."

"होती. आता रंग दावून राह्यली."

"आदी कागद वाचा," सुभद्राबाई म्हणाल्या. "तुमी इंग्रजीवाले. मोठ्यानं वाचा, साऱ्यायले समजलं पाह्यजे."

गजेंद्रने चष्मा पुसला. गणिताची उत्तरपत्रिका हाती आल्यावर चेहऱ्याचं जे होतं ते झालं. अहवालात लॅटिन होतं, ग्रीक होतं, आणि मग अचानक, वाळवंटात विहीर लागावी तशी, त्याच्या ओळखीची एक गोष्ट लागली. अक्षरं आणि त्यांच्यापुढे गुण.

"हे मार्क हायेत," तो हळूच म्हणाला. "तीनपैकी. आयमंदी दोन. टीमंदी दोन."

"बरे हायेत की," भगवानरावांना जरा बरं वाटलं.

"पुढं पाहा ना भाऊजी." त्याचा आवाज खाली गेला. "व्हीमंदी शून्य. जीमंदी शून्य. पीटीसीमंदी शून्य. सी-फोर-डी शून्य."

"अवो माय!" सुभद्राबाईंनी गालावर हात ठेवला. "इतके भोपळे?"

"नापास हाये," गजेंद्र म्हणाला. निकाल सांगण्याची त्याला सवय होती. "आनि खाली लेह्यलं, रिजेक्शन. म्हंजे नाकारलं."

"कोनं नाकारलं? तिनं आपल्या भगवानले नाकारलं?"

"असंच दिसते."

दाराआड उभ्या कोकिळाबाईंना आपल्या पोटातून काहीतरी पुन्हा एकदा काढून नेल्यासारखं वाटलं. त्या पुढे आल्या. "संध्याकायची गोळी..." त्यांनी सुरुवात केली.

"तू मधात नोको बोलू," सुभद्राबाई म्हणाल्या. "तुह्याच चीजीची गोष्ट चालू हाये. जिची तक्रार ते बोलत नसते."

गजेंद्रने बहिणीकडे पाहिलं. त्या पाहण्यात माया होती, लाज होती, आणि मुख्याध्यापकाच्या मुलाने वर्गात नापास व्हावं तेव्हाचा तो घरगुती संताप होता. मग त्याने मान खाली घातली. "आमी समज देतो," तो म्हणाला. कोणाला आणि कशी, हे त्याने सांगितलं नाही. बैठकीत तसं सांगायचं नसतंच. कोकिळाबाईंनी गुरुवारचे उपास धरावेत आणि किडनीच्या वतीने मंदिरात नाक घासावं, असं ठरलं. मग चहा आला.

सोमवारी नागपूरच्या दवाखान्यात भगवानराव आणि कोकिळाबाईंबरोबर सुभद्राबाई आणि गजेंद्रही गेले. निवाडा झालेला असल्यामुळे डॉक्टर त्यावर फक्त सही करतील, अशी सगळ्यांची समजूत होती.

रेवतीमॅडमनी संगणकाचा पडदा त्यांच्याकडे वळवला. त्यावर गुलाबी-निळं असं काहीतरी होतं. लांबून पाहिलं तर ओल्या कापडावर कुणी शाई शिंपडली असावी. कोकिळाबाई खुर्चीत पुढे सरकल्या. आपल्या आतलं काही त्या आयुष्यात पहिल्यांदा पाहत होत्या, आणि ते सुंदर होतं. गुलाबी वर्तुळांना गुलाबी वर्तुळं टेकलेली, जणू मंगळागौरीच्या रात्री बाया एकमेकींच्या पाठीला पाठ लावून बसल्यात. पण त्यांच्यामध्ये निळे ठिपके गर्दी करून घुसले होते.

"या गुलाबी म्हणजे नळ्या," मॅडम म्हणाल्या. "आणि हे निळे ठिपके, पांढऱ्या पेशी. बघा, नळीच्या भिंतीतसुद्धा शिरल्यात."

"म्हंजे हिच्या किडनीत किडे पडले?" भगवानरावांनी विचारलं.

"किडे नाहीत. तुमच्या पेशी आहेत."

"माह्या?"

"गुलाबी यांचं. निळं तुमचं. किडनी काही करत नाहीये, काका. ती बिचारी बसून मार खातेय."

गजेंद्रने घसा साफ केला. "मॅडम, पन ते मार्क. चार ठिकानी शून्य हाये."

"तीच तर चांगली बातमी आहे! हे गुण बिघाडाचे असतात. शून्य म्हणजे तिथे काही बिघडलं नाही. रक्तवाहिन्या स्वच्छ आहेत."

मुख्याध्यापकांनी चष्मा काढला आणि बराच वेळ घातला नाही.

मॅडमना आता रंग चढला. नकाराचे मुख्य प्रकार दोन, त्यांनी सांगितलं. एकात पेशी स्वतः घुसतात, दुसऱ्यात रक्तातली द्रव्यं वाहिन्यांवर हल्ला करतात. दुसरा फार चिवट. यांचा पहिला, आणि त्यातही एक-ए, अगदी पुस्तकातला. जगभरचे तज्ज्ञ दर दोन वर्षांनी एकत्र बसतात आणि कुठल्या बिघाडाला कुठल्या खान्यात टाकायचं ते ठरवतात.

"म्हंजे त्यायचीबी बैठक रायते?" सुभद्राबाई म्हणाल्या. इतक्या वेळात पहिल्यांदाच त्यांना वैद्यकशास्त्राविषयी आदर वाटला.

"बैठकच," मॅडम हसल्या आणि कागद उलटून म्हणाल्या, "फक्त एक कळत नाही. रक्तात औषध फारच कमी आहे. गोळ्या दोन्ही वेळ घेताय ना?"

"हाव," भगवानराव म्हणाले. "घड्याळ लावून."

खोटं बोलताना ते कधीच अडखळत नसत. बाहेरच्या माणसासमोर घरातली गोष्ट झाकणं याला ते खोटं समजतच नसत.

"मग तुमचं शरीर औषध लवकर संपवतंय. डोस दुप्पट करते."

मॅडमचं पेन कागदावर टेकलं. कोकिळाबाई त्या पेनाकडे पाहत होत्या. "मॅडम," त्या म्हणाल्या, "जास्त झालं तर काय होते?"

"जास्त झालं तर हेच औषध किडनीला विषासारखं लागतं."

नवरा शेजारी होता, नणंद मागे होती, माहेरचा माणूस साक्षीला होता. अशा जागी नवऱ्याचा शब्द खाली पाडायचा नाही, हे कोकिळाबाईंना लग्नाआधीपासून माहीत होतं. पण समोर पडद्यावर ती होती, गुलाबी, कोंडलेली. तिच्या बाजूने बोलणारं या जगात दुसरं कुणी नव्हतं. तिच्या माहेरच्याने तर आधीच मान खाली घातली होती.

"संध्याकायची गोळी हे घेत नाई," त्या म्हणाल्या. "दिवाळीपासून."

"कोकिळा!" भगवानराव ओरडले.

"एकच घेते सकायची. दुप्पट लेहू नोका. मरन ते किडनी."

मॅडमनी पेन खाली ठेवलं. "का बंद केली?"

आता लपवण्यासारखं काही उरलं नव्हतं, म्हणून भगवानरावांनी आपला सिद्धान्त मांडला. मीठ, तीस वर्षं, घरची बाई, भरोसा, सगळं. मांडता मांडता त्यांचा आवाज पुन्हा भरदार झाला. ऐकणाऱ्याला पटलंच असणार अशी त्यांची खात्री होती. रेवतीमॅडम संगणकाकडे वळल्या आणि कारणाच्या खान्यात एक इंग्रजी शब्द टाकून मोकळ्या झाल्या. कोकिळाबाईंनी तो शब्द वाचायचा प्रयत्न केला नाही. नळीच्या भिंतीत शिरलेली एकेक पेशी मोजणाऱ्या त्या शहाण्या जगाकडे या माणसासाठी एवढाच खाना होता, गोळ्या चुकवतो. त्या माणसाच्या आत काय शिरून बसलं होतं, त्याचे धागे काढणारी सुई अजून निघायची होती.

बाहेरच्या बाकावर सुभद्राबाई अस्वस्थ बसल्या होत्या. आयुष्यात प्रथमच निवाडा त्यांच्या अंगावर उलटला होता.

"आक्का," कोकिळाबाई शांतपणे म्हणाल्या, "निळं त तुमच्या घरचं निघालं. आता कोनाच्या माहेरच्यायले बलावाचं?"

"गड्याले माहेर रायते का?" सुभद्राबाई फणकारल्या.

गजेंद्रला हसू आलं. त्याने ते रुमालात शिंकरून टाकलं.

तीन दिवस सलाईनमधून औषध गेलं. क्रिएटिनीन उतरलं, पूर्वीइतकं नाही, पण उतरलं. जी नळी एकदा मेली ती परत येत नाही, मॅडम म्हणाल्या, पण राहिलेल्या सांभाळल्या तर पुष्कळ वर्षं निघतील. दोन्ही वेळ गोळी. एकही चूक नको.

शेगावला परतल्यावर भगवानरावांना पाहायला माणसं येऊ लागली. हॉलमध्ये पुन्हा तीच सतरंजी, तोच तक्क्या. सुभद्राबाई कोपऱ्यात वाती वळत होत्या. हिवरा आश्रमहून उद्धवराव नावाचे एक जुने स्नेही आले होते. त्यांच्या साडूला पुढच्या महिन्यात बहिणीची किडनी बसवायची होती, म्हणून ते अनुभव विचारायला आले होते. आणि अनुभव सांगण्यात भगवानरावांचा हात कोण धरणार?

"कशीबी झाली तरी बाईची जात," ते म्हणाले. "उलटली होती. मी काय केलं? बैठक बसवली. माहेरचे बलावले. समज देली. चार दिवसांत लाईनवर आली."

"काय म्हंता!"

"मंग? डाक्टर लोक त नुसते मार्क देते."

"हे बरं सांगतलं," उद्धवराव गंभीरपणे म्हणाले. "साडूले सांगतो. ऑपरेशनच्या आदीच बैठक घेऊन टाकू. बहिनीचीच किडनी हाये, मंग गोळ्यायचा एवढा खर्च काऊन करा?"

"तेच त!" भगवानराव मांडीवर थाप मारून म्हणाले.

स्वयंपाकघराच्या दारात कोकिळाबाई संध्याकाळची गोळी आणि पाण्याचा गडू घेऊन उभ्या होत्या. आजवर त्यांनी अनेकदा मनात पाहिलं होतं: गोळी मुठीत धरायची आणि म्हणायचं, आधी खरं काय ते चारचौघांत सांगा, मग देते. पण ते मनातच शक्य होतं. ज्याच्याशी भांडायचं त्याच्याच पोटात आपलं माणूस ओलीस. मूठ उघडावीच लागते.

त्यांनी गोळी दिली. भगवानरावांनी ती जिभेवर ठेवली, गडू तोंडाला लावला आणि गाल भरून पाणी घेतलं. आणि तेवढ्यात कोकिळाबाई पाहुण्याकडे वळल्या.

"भाऊ, हे खोटं सांगून राह्यले. किडनी कोनावर उलटली नवती. ह्यायनं गोळी सोडली, म्हून ह्यायचंच आंग तिच्यावर चढलं. म्या माह्या डोयानं पाह्यलं, टीवीसारखं दावलं मॅडमनं. तुमच्या साडूच्या बहिनीले सांगा, बैठकीले जाऊ नोको, गोळीवर ध्यान ठेव. हे आक्का बसल्या, इचारा त्यायले."

भगवानरावांचे डोळे मोठे झाले. बोलावं तर पाणी सांडणार आणि पाण्याबरोबर गोळी. त्यांनी हात हलवला, मान हलवली, बहिणीकडे आशेने पाहिलं. सुभद्राबाईंनी वात वळता वळता थांबून भावाकडे एक नजर टाकली आणि पुढची वात घेतली.

"खरं हाये," त्या वातीकडे पाहत म्हणाल्या.

भगवानरावांनी घाईने घोट गिळला आणि त्यांना जोराचा ठसका लागला.

"पाठ चोया वो त्यायची," उद्धवराव गोंधळून म्हणाले.

कोकिळाबाई खाली बसल्या आणि नवऱ्याची पाठ चोळू लागल्या, हलक्या हाताने, वरून खाली, कमरेच्या जरा अलीकडे थांबून.

"गोळी गेली ना खाली?"

ठसक्यातच भगवानरावांनी मान डोलावली.

"आता बोला," त्या म्हणाल्या, "काय बोलाचं ते."